बाथरूमच्या आरशावरची जुनी लाइट बदलताय? आधी इन्व्हर्टर बंद करा

दाढी करताना एक गाल उजेडात आणि दुसरा अंधारात. बटण दाबलं की ट्यूब आधी दोन-तीनदा डोळे मिचकावते, मग चोक गुणगुणतो आणि मग कुठे उजेड पडतो. पट्टीच्या कडेला गंज, स्क्रूवर पांढरट-हिरवट थर. बाथरूमच्या आरशावरची ही लाइट घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू असते. हॉलमध्ये एलईडीची पॅनल लागतात, बेडरूमला नवा पंखा येतो, पण आरशावरची लाइट पंधरा-वीस वर्षं तशीच राहते. ती बंद पडत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या लाइटकडे बघण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पाणी. जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांना माहीत आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. हा पट्टा पुढे अकोला आणि अमरावतीपर्यंत जातो. इथलं भूगर्भातलं पाणी क्षारयुक्त आहे. 2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता आणि पाण्याचे नमुने तपासायला गेले होते. या पाण्याचे आरोग्याचे प्रश्न मोठे आणि वेगळे आहेत. इथे विषय छोटा आहे: हेच पाणी रोज बाथरूमच्या भिंतीवर, आरशावर आणि आरशावरच्या लाइटवर उडतं, तेव्हा काय होतं?

क्षार आणि वीज यांचं जमत नाही

थेंब उडतो, सुकतो. पाणी निघून जातं, क्षार मागे राहतात. आरशावर ते पांढऱ्या डागांसारखे दिसतात, नळाच्या तोंडाशी खपली धरतात. हे सगळं पुसता येतं. पण लाइटच्या पट्टीच्या आत, होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर आणि वायर जिथे स्क्रूखाली दाबलेली असते तिथे साचलेला क्षार कोणी पुसत नाही.

क्षाराचा थर हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि ओला क्षार विजेला वाट देतो. कोरड्या प्लास्टिकवरून वीज वाहत नाही, पण क्षाराच्या ओलसर थरावरून थोडी थोडी वाहते. शिवाय धातू लवकर गंजतो. आधी वरचा चकचकीत मुलामा सुटतो, मग आतलं लोखंड फुगतं. गंजलेल्या जोडात अडथळा वाढतो, अडथळा वाढला की जोड तापतो आणि तापला की वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. एक दिवस उघडी पडलेली वायर पट्टीच्या लोखंडी अंगाला टेकते. लाइट नेहमीसारखी चालू असते. फरक एवढाच की आता अख्खी पट्टी करंट घेऊन बसलेली असते आणि ओल्या हाताने आरसा पुसणाऱ्याला ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूला क्षाराचा त्रास तुलनेने कमी, पण गरम पाण्याची वाफ सगळीकडेच असते. बंद बाथरूममध्ये वाफ गार पट्टीवर जमते आणि आत ठिबकते. परिणाम तोच होतो, थोडा उशिरा.

एमसीबी आहे ना, मग भीती कशाची?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, त्यामुळे याचा हिशोब नीट समजून घ्यायला हवा.

घरातला वीजपुरवठा 230 व्होल्टचा. माणसाची कातडी कोरडी असेल तर ती विजेला बराच अडथळा करते. ओली झाली, पाय ओल्या फरशीवर असले की हा अडथळा खाली येतो, साधारण हजार ओहमच्या घरात. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर, 230 मिलीअँपिअर. छातीतून जाणारा याच्या निम्मा करंटही हृदयाचं काम बिघडवायला पुरेसा असतो.

आता एमसीबीकडे बघा. लाइटच्या लाइनवर बहुतेक घरांत 6 अँपिअरची एमसीबी असते, म्हणजे 6000 मिलीअँपिअर. तिच्या दृष्टीने 230 मिलीअँपिअर म्हणजे घरात एखादा छोटा बल्ब लागला, एवढंच. ती पडणार नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणूस वाचवणं हे तिचं काम नाहीच.

माणूस वाचवणारं यंत्र वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात, दुकानात आणि मिस्त्रींच्या तोंडी अजून ईएलसीबी हाच शब्द आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत मोजत असतं. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट दुसरीकडून, कदाचित कोणाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे असं समजून ते क्षणार्धात लाइन तोडतं. मुख्य बोर्डावर छोटं ‘T’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असेल तर हे यंत्र तुमच्या घरात आहे. ते बटण दाबून बघा. लाइन गेली पाहिजे. गेली नाही तर यंत्र आहे, पण नुसतं भिंतीवर लावलेलं आहे.

आरशावरच्या लाइटवर चार-पाचशे रुपये खर्च करायचे ठरलेच असतील आणि घरात आरसीसीबी नसेल, तर दीड-दोन हजारांच्या आसपासचा हा खर्च आधी करावा. लाइट आणखी सहा महिने थांबली तरी चालेल.

अर्थिंग होतं, पण कधी गेलं ते कळलंच नाही

जुन्या घरांत अर्थिंगची वायर कुठे जोडलेली असायची? पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपला. पाइप जमिनीतून जायचा, त्यामुळे काम भागायचं. नंतर प्लंबर आला, गंजलेला लोखंडी पाइप काढला आणि प्लास्टिकचा टाकला. पाणी छान यायला लागलं. अर्थिंग त्याच दिवशी संपलं, पण हिरवी वायर बोर्डात तशीच राहिली आणि घरातले सगळे समजत राहिले की अर्थिंग आहे.

ज्यांच्याकडे मीठ-कोळशाचा खड्डा आहे, त्यांची अडचण वेगळी. हा खड्डा ओला असला तरच काम करतो. घाटाखालच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्डा कोरडा ठणठणीत होतो. समजा त्याचा अडथळा वाढून 50 ओहम झाला. पट्टीच्या अंगात करंट उतरला तर जमिनीत जाणारा करंट 230 भागिले 50, म्हणजे पाच अँपिअरपेक्षाही कमी. 6 अँपिअरची एमसीबी जागची हलणार नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही पट्टी करंट मारते. म्हणून जुनी माणसं एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. ती सवय शहाणपणाची होती. खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवले आणि ती गेली.

मग नवी लाइट कोणती घ्यायची, हे इथेच ठरतं. बाथरूमच्या लाइट पॉइंटपर्यंत चालू अर्थिंग येत असेल तर धातूचं फिटिंग चालेल, मात्र हिरवी वायर त्याच्या अंगाला जोडलीच पाहिजे. पॉइंटवर दोनच वायरी असतील, जशा बहुतेक जुन्या घरांत असतात, तर पूर्ण प्लास्टिक बॉडीचं, दुहेरी इन्सुलेशनचं फिटिंग घ्यावं. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. अशा फिटिंगला अर्थिंग लागत नाही. आणि कोणी कितीही अनुभवी माणूस ‘अर्थ नाही तर न्यूट्रलला जोडून टाकू’ म्हणाला तरी ते करू देऊ नका. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की फिटिंगचं अख्खं अंग फेज होतं.

दुकानात काय बघायचं?

खामगाव, मलकापूर, बुलढाण्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘मिरर लाइट दाखवा’ म्हटलं की चकचकीत क्रोमची दोन-तीन मॉडेलं समोर येतात. खारपाणपट्ट्यातल्या बाथरूमसाठी ती सगळ्यात वाईट निवड. दोन पावसाळ्यांत मुलामा सुटतो. त्यापेक्षा साधी पांढरी बंद पट्टी दिसायला कमी असेल, पण टिकते.

खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे शोधा. पहिला आकडा धूळ आणि किडे किती अडतात ते सांगतो, दुसरा पाणी किती अडतं ते. आयपी 20 म्हणजे पाण्यापासून कोणतंही संरक्षण नाही. हॉलमधल्या बहुतेक पट्ट्या अशाच असतात आणि बाथरूममध्ये सर्रास त्याच लावल्या जातात. आयपी 44 म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील. आयपी 65 म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालेल.

परदेशी नियमांच्या चित्रांत टब, शॉवर आणि आरसा अशा वेगवेगळ्या जागा आखलेल्या असतात आणि आरसा सुरक्षित अंतरावर असतो. आपल्याकडचं बाथरूम पाच बाय सात. बादली, शॉवर, बेसिन, कधी कमोडही त्यातच, आणि तांब्याने अंगावर पाणी घेताना ते कुठवर उडतं हे सगळ्यांना माहीत आहे. शॉवरपासून साधारण चार फुटांच्या आत आरसा असेल तर ती ओलीच जागा धरायची. अशा ठिकाणी आयपी 44 ही कमीत कमी पायरी आहे, लहान बाथरूममध्ये आयपी 65 घेतलेलं बरं.

दुसरी खूण बीआयएसच्या नोंदणीची. एलईडी दिवे, त्यांचे ड्रायव्हर आणि फिटिंग यांना ही नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा अंगावर मानक चिन्ह आणि ‘R-’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळणाऱ्या पट्टीवर तो नसतो, म्हणून ती शंभर रुपयांना पडते.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं, रात्री मोटारी बंद झाल्या की वर जातं. एलईडी सहसा स्वतः जळत नाही, जळतो तो तिचा ड्रायव्हर. त्यामुळे खोक्यावर चालणाऱ्या व्होल्टेजची व्याप्ती बघा. ‘220–240’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढचं घ्या. ‘100–300’ असं रुंद अंतर दिलेलं असेल तर ते इथे टिकण्याची शक्यता जास्त.

उजेडाचा रंग हा आवडीचा भाग आहे, पण आरशापुरता त्यात थोडा व्यवहार आहे. 6500 के म्हणजे पांढराशुभ्र, किंचित निळसर; त्यात चेहरा आजारी दिसतो. 3000 के म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. आरशासाठी मधला 4000 के बरा पडतो. दुकानदार ‘पांढरा की पिवळा’ एवढंच विचारतो, मधला मागून घ्यावा लागतो. रंग खरे दिसण्याचा एक वेगळा आकडा असतो, सीआरआय. तो 80 च्या वर हवाच, 90 मिळाला तर उत्तम. कपाळाचं कुंकू घरात एक रंगाचं आणि अंगणात दुसऱ्या रंगाचं दिसण्याचं कारण हेच.

बिल किती वाचतं? फार नाही. दोन फुटी 20 वॅटची जुनी ट्यूब चोकसकट तीसेक वॅट खाते, तिच्या जागी येणारी एलईडी 10 वॅटच्या आसपास. रोज दोन तास वापर धरला तर वर्षाला साधारण 15 युनिट वाचतात. युनिटमागे 8 रुपये धरले तर सव्वाशे रुपयेही होत नाहीत. केंद्र सरकारच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, त्यातून एकूण विजेची बचत मोठी झाली, पण ती कोट्यवधी दिव्यांच्या बेरजेतून. एकट्या आरशावरच्या लाइटने बिल कमी होईल या आशेवर ती बदलायला जाऊ नका. बदलायची ती गंजासाठी आणि करंटसाठी.

हे घरी करायला परवानगी आहे का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातलं वायरिंगचं काम, म्हणजे नवीन पॉइंट, फेरबदल, दुरुस्ती, परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. त्याला एक सवलत आहे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि फिटिंग जसंच्या तसं बदलणं, ज्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढं काम त्यातून वगळलेलं आहे.

याचा सरळ अर्थ असा. आहे त्याच जागी, आहेत त्याच दोन वायरींवर जुनं काढून नवं लावायचं असेल तर ते घरचा माणूस करू शकतो. पण आरशाच्या वरची लाइट काढून दोन्ही बाजूंना दोन लावायच्या, गीझरच्या लाइनवरून फाटा काढायचा, भिंत फोडून पाइप टाकायचा, हे तुमचं काम नाही. आयटीआय केलेला, परवाना असलेला वायरमन बोलवा. महावितरणच्या माणसाला बोलावून उपयोग नाही, त्यांची जबाबदारी मीटरपर्यंत. 2005 पासून कंपनीचं नाव महावितरण असलं तरी अजून ‘एमएसईबीवाल्याला सांगतो’ म्हणणारी माणसं घरोघरी आहेत आणि त्यांना हे दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

बंद म्हणजे नेमकं काय बंद?

बटण बंद केलं म्हणजे लाइट बंद झाली, करंट नाही. बटण फेजवर असायला हवं, पण जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं आढळतं. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये पूर्ण 230 व्होल्ट उभे असतात. एलईडी लावल्यावर ती बंद करूनही रात्री मंद, भुतासारखी चमकत राहिली तर पहिला संशय यावर घ्यायचा. दुसरं कारण बटणातला लाल इंडिकेटर असू शकतो, त्यातून जाणारा चिमूटभर करंटही एलईडीला पुरतो. इंडिकेटरचं असेल तर सोडून द्या. न्यूट्रलवर बटण असेल तर वायरमनकडून सरळ करून घ्या.

म्हणून बटण नाही, मुख्य स्विच बंद करायचा. आणि इथेच खरा फासा आहे. ज्या घरांत लाइट जाण्याच्या भीतीने इन्व्हर्टर बसवला आहे, तिथे मुख्य स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो लगेच स्वतः चालू होतो. हॉलचा पंखा, स्वयंपाकघराची लाइट आणि बाथरूमची लाइट, सहसा याच गोष्टी इन्व्हर्टरवर असतात. माणूस निर्धास्तपणे स्टुलावर चढतो आणि वायरीत जिवंत 230 व्होल्ट असतात, बॅटरीतून आलेले. इन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूचं बटण बंद करून भागत नाही असंही काही मॉडेलमध्ये होतं, मेनमधून येणारा करंट ते तसंच पुढे पाठवतात. त्यामुळे मुख्य स्विच बंद, इन्व्हर्टर बंद, दोन्ही. यातलं एक बंद करून केलेलं काम हे चालू लाइनवरचंच काम समजायचं.

त्यानंतर टेस्टर. टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही, हे तेव्हाच खरं जेव्हा टेस्टर चांगला आहे. म्हणून लाइन बंद करण्याआधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का बघा, मग बंद केलेल्या वायरींवर लावा, दोन्हीवर, आणि मुख्य स्विच परत सुरू करण्याची संधी मिळेल तेव्हा पुन्हा सॉकेटवर. भर दुपारी खिडकीच्या उजेडात टेस्टरचा छोटा दिवा दिसतही नाही, तेव्हा हाताचा आडोसा करा.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ‘आई, मेन बंद केलाय, हात लावू नको’ हे मोठ्याने सांगायचं, आणि वर स्विचवर चिकटपट्टी लावायची. कारण कोणी तरी बाहेरून येतो, पंखा बंद दिसतो आणि तो सवयीने जाऊन मेन वर करतो.

जुनी लाइट काढताना

काम दिवसा, फरशी कोरडी असताना करा. पायात रबरी चपला, खाली लाकडी किंवा प्लास्टिकचं स्टूल. लोखंडी घोडा नको. बेसिनवर पाय ठेवून चढणारे महाभाग असतात. बेसिन भिंतीला दोन बोल्टांवर टांगलेलं असतं आणि ते तुटतं तेव्हा त्याची धार सुरीसारखी असते.

आधी ट्यूब काढून घ्या, दोन्ही टोकांना धरून पाव वळसा फिरवली की सुटते. मग झाकण. आत काय कुठे जोडलं आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो पुढे अर्धा तास वाचवतो. जुन्या पट्टीत दोनपेक्षा जास्त वायरी निघाल्या तर थांबा. पुढच्या एखाद्या पॉइंटचा न्यूट्रल इथूनच नेलेला असू शकतो, त्या वायरी एकमेकींपासून सुटल्या की शेजारच्या खोलीची लाइट जाते. त्या जशा एकत्र होत्या तशाच एकत्र ठेवायच्या.

रंगांचा भरवसा धरू नका. घरच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा किंवा निळा म्हणजे फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ अशी पद्धत. पण नव्या एलईडी फिटिंगमधून निघणाऱ्या वायरी पुष्कळदा तपकिरी आणि निळ्या असतात आणि तिथे तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल. भिंतीतला निळा फेज असू शकतो, फिटिंगमधला निळा न्यूट्रल. एकाच रंगाचे दोन अर्थ. कोणती वायर फेज आहे हे काम सुरू करण्याआधीच टेस्टरने ठरवून तिच्यावर टेपचा तुकडा लावून ठेवा.

भिंतीतून आलेली वायर चांदीसारखी पांढरी आणि दोनदा वाकवली की तुटणारी असेल तर ती ॲल्युमिनियमची. पूर्वी घरांत सर्रास तीच टाकत. नव्या फिटिंगची तांब्याची वायर तिच्याभोवती पीळ देऊन टेप गुंडाळला तर क्षार आणि ओलाव्यात तो जोड फार लवकर कुजतो. पीळ न देता स्क्रूचा कनेक्टर वापरायचा आणि जमल्यास पुढे ती वायरच बदलून घ्यायची. वायरचं प्लास्टिक हात लावताच सुटून पडत असेल तर मात्र हे काम तिथेच थांबवा. मग प्रश्न लाइटचा राहिलेला नसतो.

काही जुन्या पट्ट्यांना खाली दोन पिनांचं छोटं सॉकेट असतं, दाढीच्या मशीनसाठी. नव्या फिटिंगमध्ये ते शोधू नका. बेसिनच्या वर हातभर अंतरावर उघडं सॉकेट असणं हीच मुळात चूक होती.

बसवताना ज्या तीन गोष्टी राहून जातात

पहिली उंची. लाइट आरशाच्या वर फार उंच गेली की भुवया, नाक आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. जमिनीपासून साडेसहा फुटांच्या आसपास ठीक. उजेडासाठी सर्वात चांगली जागा खरं तर आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला, पण त्याला नवं वायरिंग लागतं.

दुसरी भिंत. टाइलला भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, टाइल पार झाली की मग चालू करा, नाहीतर टाइल तडकते. बटणापासून सरळ वर किंवा लाइटपासून सरळ खाली जाणाऱ्या रेषेत भोक पाडू नका, वायरचा पाइप सहसा त्याच रेषेत असतो. जुन्या लाकडी गट्ट्या कुजलेल्या असतात, त्यांच्यावर नवे स्क्रू धरत नाहीत. प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. फिटिंगबरोबर आलेले स्क्रू साध्या लोखंडाचे असतात आणि खारपाण्यात आधी तेच जातात.

तिसरी सील. फिटिंग आणि भिंत यांच्या फटीत वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा. खालची बाजू उघडी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत जमलेली वाफ पाणी होऊन आतच राहते आणि ज्यासाठी आयपी 65 घेतलं तेच वाया जातं. सिलिकॉनला वाळायला एक दिवस द्या. त्या दिवशी आंघोळीला दुसरी सोय बघा, किंवा निदान गरम पाण्याची वाफ कोंडू देऊ नका.

सगळं झाल्यावर आधी मुख्य स्विच, मग इन्व्हर्टर सुरू करा आणि लाइट लावा. आरसीसीबी असेल आणि ती लगेच पडली, तर ती खराब नाही, ती तिचं काम करते आहे. कुठे तरी वायर अंगाला टेकली आहे. तिला टाळून लाइन जोडून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लाइट नीट लागली की फिटिंगच्या बाहेरच्या भागाला, स्क्रूंच्या डोक्यांना टेस्टर लावून बघा. तो पेटता कामा नये. नंतर महिन्यातून एकदा, बटण बंद करून, कोरड्या कापडाने फिटिंग पुसायचं, विशेषतः घाटाखाली.

जुन्या ट्यूबचं काय करायचं?

ट्यूब आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. शाबूत असताना तो काही करत नाही, फुटल्यावर वाफ होऊन हवेत येतो. म्हणून ट्यूब कचऱ्याच्या गाडीत आडवी कोंबून फोडायची नाही आणि पोरांना फोडायला द्यायची तर मुळीच नाही. घरात फुटलीच तर खिडकी उघडून सगळ्यांना थोडा वेळ बाहेर काढा. झाडू मारू नका, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या डब्यात भरा.

पाऱ्याचे दिवे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत येतात, म्हणजे ते परत घेण्याची व्यवस्था करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी तर 2027 पर्यंत फ्लोरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याचं 2023 मध्ये ठरवलं आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. तेव्हा जुन्या पट्टीसाठी नवी ट्यूब, स्टार्टर मिळणं पुढे अवघडच होत जाणार. तालुक्याच्या गावी ई-कचऱ्याचं केंद्र हाताशी नसतं. नवी लाइट घेतली त्या दुकानात जुनी ट्यूब परत घेतात का, हे आधी विचारा, नंतर नगरपालिकेच्या घंटागाडीवाल्याला. तोवर नव्या लाइटच्या खोक्यातला पुठ्ठा तिच्याभोवती गुंडाळून ती माळ्यावर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चोक मात्र भंगारवाला आनंदाने नेतो, जुना असेल तर त्यात तांबं असतं.